नव्या घराची वही

मार्च २०२२ मध्ये आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतील वाड्याच्या दोन खोल्या सोडल्या आणि सिंहगड रस्त्यावरील वडगाव बुद्रुकला स्वतःच्या घरात राहायला आलो. त्या दिवशी सामानाच्या टेम्पोत सर्वांत शेवटी एक पत्र्याची पेटी चढली. तिच्यात माझ्या सासूबाईंच्या खर्चाच्या वह्या होत्या, एकूण २८, वर्षाला एक याप्रमाणे. दूध, दळण, रॉकेल, शाळेची फी, पाहुण्यांसाठी आणलेला पाव किलो चिवडा, देवळात टाकलेला रुपया, असे सगळे तारीखवार लिहिलेले. मी लग्न होऊन आले तेव्हा या वह्यांचा मला धाक वाटत असे; पुढे त्यांचा आधार वाटू लागला, कारण कोणत्या महिन्यात घराला काय लागते हे कोणालाही न विचारता त्यांतून कळत होते. त्या भरवशावरच नव्या घराच्या पहिल्या महिन्याचा अंदाज आम्ही बांधला, आणि महिनाअखेर तो साडेपाच हजार रुपयांनी चुकला.

कोठे चुकला हे शोधायला मला आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, दोन रविवार लागले. उधळपट्टी कोठेच झालेली नव्हती. वाड्याच्या समोर पिठाची गिरणी होती, महात्मा फुले मंडई पायी दहा-बारा मिनिटांवर होती, लेकीची शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती, आणि वाड्याच्या जाड भिंतींमुळे वैशाखातही दुपारी एकच पंखा पुरत असे. आम्ही ज्याला आपली काटकसर समजत होतो तिचा मोठा वाटा त्या जागेचा होता, आणि जागा सोडताना तो तेथेच राहिला. नव्या घराची काटकसर आम्हाला मुळापासून शिकावी लागणार होती, आणि ती शिकवील अशी वही कोणाजवळ नव्हती.

पहिला धडा मंडईचा होता. हातगाडीवरची भाजी महाग पडते म्हणून दर शनिवारी आम्ही दोघी बसने मंडईत जात होतो आणि पिशव्या जड झाल्या की रिक्षाने परतत होतो. दोन महिन्यांनी मी वहीत दोन्ही आकडे शेजारी मांडले. आठवड्याच्या भाजीत सुमारे ९० रुपये वाचत होते आणि जाण्या-येण्याला १७० लागत होते. आईंना ते पटले, पण त्यांचा चेहरा उतरला, कारण मंडईत त्यांना वाड्यातील जुन्या शेजारणी भेटत असत. मग आम्ही आठवड्याची भाजी घराजवळ घेऊ लागलो आणि महिन्यातून एकदा आई एकट्या मंडईत जाऊ लागल्या. तो खर्च वहीत भाजीखाली लिहायचा नाही, ‘भेटीगाठी’ असे वेगळे सदर करून त्याखाली लिहायचा, असे आम्ही ठरवले. खर्च योग्य नावाखाली लिहिला की तो खुपत नाही आणि लपतही नाही, हे मला तेथे प्रथम कळले.

सामान हलवतानाच्या दोन निर्णयांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण एकाने आमचे नुकसान केले आणि दुसऱ्याने पुढे घर सावरायला मदत केली. नुकसान झाले ते लोखंडी कपाटाचे. सासऱ्यांच्या पहिल्या पगारातून घेतलेले ते कपाट टाकवेना. लिफ्टमध्ये ते मावले नाही आणि हमालांनी मजल्यागणिक पैसे घेऊन ते सातव्या मजल्यावर चढवले. नव्या खोलीत ते दारामागे अडू लागले, तेव्हा चार महिन्यांनी भंगारात दिले. चढवायला जेवढे लागले होते त्याच्या निम्मेही आले नाहीत. घर सोडण्यापूर्वी नव्या खोल्यांची मापे घेऊन एकेका वस्तूची जागा कागदावर ठरवली असती, तर ते कपाट वाड्यातूनच चांगल्या घरी गेले असते.

दुसरा निर्णय पितळेच्या भांड्यांचा. दोन मोठी पातेली, एक घंगाळ आणि परात, एवढे सगळे मोडीत घ्यायला एक व्यापारी तयार होता. मोडीच्या भावात भांडे धातूच्या वजनाने जाते. त्याच्या घडणावळीचे मोल त्यात उरत नाही, आणि तेच भांडे पुन्हा घ्यायला जावे तर घडणावळीसकट दाम मोजावे लागतात. आमच्या वाड्यापासून तांबट आळी हाकेच्या अंतरावर होती. जाण्याआधी आठवडाभर आईंनी दोन्ही पातेली कल्हईला नेली. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवत नेले की काळवंडलेले पितळ क्षणात चांदीसारखे उजळते. ते पाहायला लेकही गेली होती. घंगाळ आणि परात आम्ही विकली, पातेली ठेवली. ती पुढे कोणत्या कामाला येणार आहेत हे तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

सामानाची खोकी मात्र आम्ही विकली नाहीत. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या एक ताई आमच्या इमारतीत येतात. या संस्थेची मुळे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहेत. कागद, पुठ्ठा, पत्रा विकून येणारे पैसे हा या ताईंच्या रोजच्या मिळकतीचा भाग असतो. चाळीस खोक्यांचे आम्हाला दीड-दोनशे रुपये आले असते. ते आम्ही त्यांच्याकडेच जाऊ दिले. घरात पैसा वाचवताना तो कोणाच्या ताटातून तर उचलला जात नाही ना, एवढे पाहण्याइतकी ऐपत आमच्याजवळ होती.

विजेचे बिल हा पुढचा विषय. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, त्यापुढे ३०० पर्यंतचा टप्पा, मग ५०० पर्यंतचा आणि त्याहून वरचा. एप्रिलमध्ये आमची ३४० युनिटे झाली, म्हणजे शेवटची ४० बरीच महागात पडली. अशा वेळी वाचवायची असतात ती हीच वरची युनिटे, आणि ती कोणत्या वस्तूने खाल्ली हे शोधायला मी रोज सकाळी आणि रात्री मीटर पाहू लागले. साधा छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारचा पंखा ३० वॅटच्या आसपास; दिवसाला १४ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला जवळजवळ १९ युनिटांचा फरक पडतो. तीनपैकी जे दोन पंखे अखंड चालत तेवढेच आम्ही बदलले. पाहुण्यांच्या खोलीतला बदलला नाही, कारण दिवसातून तासभर फिरणाऱ्या पंख्याची किंमत वसूल व्हायला वर्षानुवर्षे लागली असती. काटकसरीच्या उत्साहात माणूस हा हिशेब विसरतो आणि पैसे वाचवण्यासाठी पैसे खर्च करत सुटतो.

सर्वांत वरच्या मजल्याची तक्रार आम्ही पहिल्या उन्हाळ्यात पुष्कळ केली. डोक्यावर थेट गच्ची, रात्री बारापर्यंत छत उष्णता सोडत राही. पण याच मजल्याचे दोन गुण हळूहळू लक्षात आले. गच्चीवरील सौर बंबाचे गरम पाणी खालच्या मजल्यांपेक्षा आमच्या नळाला लवकर येते. पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर आमचा दोन हजार वॅटचा गीझर बंदच असतो, आणि गरम पाणी येईपर्यंतचे गार पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरले जाते. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर मागवावे लागतात आणि त्यांचा खर्च देखभालीच्या रकमेत वाटला जातो, म्हणून त्या एका बादलीचेही महत्त्व. दुसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या आम्ही तिघा कुटुंबांनी मिळून गच्चीला चुन्याचे पांढरे हात दिले. त्या एप्रिलमध्ये आमची युनिटे ३०० च्या आत राहिली. आणि दुसरा गुण म्हणजे ती गच्चीच, जिच्यावर दिवसभर अडथळ्यावाचून ऊन पडते.

त्या उन्हाची खरी किंमत कळायला मात्र कर्जाचा चटका बसावा लागला. आमचे कर्ज ३० लाखांचे, मुदत २० वर्षांची, आणि घेतले तेव्हा व्याजदर ७ टक्के. म्हणजे हप्ता २३,२५९ रुपये. त्यातील पहिल्या महिन्यात १७,५०० रुपये व्याजात गेले आणि मुद्दल फिटले ५,७५९ रुपये. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांपर्यंत वाढवत नेला, आणि आमचे कर्ज रेपोशी जोडलेले असल्यामुळे आमचा दर ९.५ टक्के झाला. यजमानांची पहिली प्रतिक्रिया हप्ता तोच ठेवून मुदत वाढवून घ्यावी अशी होती. आम्ही आकडेमोड करून पाहिली, तेव्हा साडेएकोणतीस लाखांच्या शिलकीवर एका महिन्याचे व्याजच जुन्या हप्त्याएवढे होत होते. हप्ता तसाच ठेवला असता, तर आम्ही वर्षानुवर्षे पैसे भरत राहिलो असतो आणि मुद्दल जागचे हलले नसते. हप्ता २८,००० रुपयांच्या जवळ न्यावा लागला. दरमहा ४,७०० रुपये जास्त, आणि घरात नवे उत्पन्न काहीच नाही.

त्या संध्याकाळी आई गच्चीवर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगं, इतकं ऊन वाया जातंय. गहू भिजत घालू या का?”

कुरडईचे काम ज्यांनी केले आहे त्यांना त्या वाक्यामागचे कष्ट सांगायला नकोत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटायचे, पिळून गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, आणि पहाटे पाचला वरचे पाणी ओतून देऊन शिजवायला घ्यायचा. चीक शिजताना हात थांबला की गुठळी होते आणि पातेले पातळ असेल तर बुडाला लागते. आमची कल्हई केलेली पितळेची पातेली तेव्हा माळ्यावरून खाली आली. जाड बुडाच्या त्या भांड्यात सहा किलो गव्हांचा चीक एकदाही लागला नाही. मग वाफाळता चीक सोऱ्यात भरून, ऊन चढायच्या आत गच्चीवर धुतलेल्या धोतरावर कुरडया घालायच्या. उरलेल्या चोथ्याच्याही आई तिखट-मीठ घालून वड्या करत, आणि कोंड्याचा मांडा करणे ही म्हण नसून रोजची रीत होती हे लेकीला प्रत्यक्ष दिसले.

गच्ची सगळ्यांच्या मालकीची, म्हणून आधी सोसायटीच्या समितीकडे लेखी परवानगी मागितली. दोघांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे कबुतरे येतील, घाण होईल असे होते आणि ते चुकीचे नव्हते. आम्ही जाळीचे कापड आणले, रोज दुपारी जागा झाडून घ्यायचे मान्य केले आणि ते पाळले. खाद्यपदार्थ विकायचे म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणीही केली. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या लहान व्यवसायाला तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होते. घरगुती कामाला ही कटकट कशाला, असे अनेकींना वाटते. मला मात्र त्या कागदामुळे आपण काहीतरी उघडपणे, रीतसर करतो आहोत असे वाटले आणि भाव सांगताना आवाज चाचरला नाही.

त्या मोसमात आम्ही ३० किलो गव्हांच्या ११ किलो कुरडया केल्या आणि ४५० रुपये किलोने विकल्या. मागणी येऊ लागली तशा साबुदाण्याच्या पापड्याही केल्या, २० किलो, भाव ३८० रुपये. एकूण १२,५५० रुपये आले. गहू, साबुदाणा, एक सिलिंडर, तेल, जिरे, पिशव्या आणि नोंदणी मिळून ४,६४० रुपये गेले आणि ७,९१० रुपये हातात राहिले. विजेत वाचलेली रक्कम घालून जूनमध्ये आम्ही १०,००० रुपये कर्जात जादा भरले. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर अशी मुदतपूर्व परतफेड केली तर बँकेला दंड आकारता येत नाही, आणि ही रक्कम थेट मुद्दलातून वजा होते. दर तोच राहिला, तर त्या १०,००० रुपयांनी मुदतीच्या शेवटचे ५५,००० रुपयांहून अधिक रकमेचे हप्ते टळतात. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत भरलेला रुपया इतका मोठा असतो, हे सर्व कर्जदारांना पहिल्याच दिवशी कोणीतरी समजावून सांगायला हवे.

येथे मी थांबले असते तर हा हिशेब गोड वाटला असता. पण मला एक रकाना रिकामा दिसत होता. नोंदणीचे १०० रुपये बाजूला ठेवून मी कामाचे तास मांडून पाहिले. कुरडयांना दोघींचे मिळून ९० तास लागले होते आणि त्यांतून सुटले २,७६० रुपये, म्हणजे तासाला जेमतेम ३० रुपये. पापड्यांना ३२ तास लागले आणि सुटले ५,२५०, म्हणजे तासाला १६० हून अधिक. ज्यांची सगळ्यांनी वाहवा केली त्या कुरडया आम्ही अर्ध्याहून अधिक फुकट केल्या होत्या, आणि घर चालवले होते साध्या पापड्यांनी. मजुरी मांडलीच नसती तर हे कधीही दिसले नसते.

मी आईंना म्हटले, “पुढच्या वर्षीपासून तुमच्या कामाची मजुरी आधी वेगळी काढायची, नफा मागाहून मोजायचा.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “घरच्या कामाची कसली गं मजुरी?”

उत्तर मला त्यांच्याच पेटीत सापडले. जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ‘कापड’ अशी नोंद आहे, मुलांच्या परकर-पोलक्यांचे, सदऱ्यांचे, शाळेच्या गणवेशाचे. पण ‘शिलाई’ अशी नोंद २८ वह्यांत एकदाही नाही, कारण ती आई स्वतः करत होत्या. वाळवणाचे गहू लिहिलेले आहेत, वाळवण करणारे हात लिहिलेले नाहीत. ज्या बाईने घरातला प्रत्येक पैसा लिहिला, तिच्या स्वतःच्या श्रमांचा एक पैसाही तिच्या वहीत नाही. हे पाहून मला वाईट वाटले, आणि अजूनही वाटते. घरात वाचलेल्या पैशाला आपण बचत म्हणतो, तेव्हा त्यातला कितीतरी भाग कोणीतरी न मागितलेली मजुरी असते.

घरच्या कामाला मोल लावले की माया आटते, असे मानणाऱ्यांना मी १९५९ मधील गिरगावची आठवण देईन. तेथे सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. त्या व्यवस्थेत पापड लाटणाऱ्या बाईला तिच्या लाटण्याची मजुरी मिळते, आणि तीच संस्थेची सहमालकीणही असते. मुंबईतल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हाही मूळ मुद्दा हाच होता की चुलीपाशी होणारे काम हे काम आहे, आणि त्यासाठी बँकेने कर्ज दिले पाहिजे. आमचा व्याप त्यांच्या शतांशही नाही, पण प्रश्न तोच होता.

२०२४ च्या मोसमात आम्ही रीत बदलली. कुरडया फक्त आधी सांगणाऱ्यांसाठी, १० किलो, भाव ६५० रुपये. तीन गिऱ्हाइके कमी झाली, बाकीची राहिली. पापड्या ३५ किलो केल्या. तासाला ६० रुपये मजुरी धरली आणि आईंच्या वाट्याची रक्कम दर आठवड्याला पोस्टातल्या त्यांच्या नावच्या बचत खात्यात जाऊ लागली. माझ्या वाट्याची मी कर्जासाठी ठेवली, ते माझे मी ठरवले. त्यांनी त्यांच्या पैशाचे काय करायचे हे आम्ही विचारत नाही. पहिल्या काढलेल्या पैशांतून त्या मैत्रिणींबरोबर आळंदीला जाऊन आल्या एवढे आम्हाला ठाऊक आहे, कारण येताना लेकीसाठी त्यांनी बत्तासे आणले.

नव्या घराची वही आता मी लिहिते, पण वाळवणाची पाने आई लिहितात. गेल्या मोसमातले एक पान माझ्यासमोर आहे. आठवड्याभराच्या सामानाखाली त्यांच्या तिरप्या अक्षरात नोंद आहे : ‘१४ एप्रिल, पापड्या ५ किलो, ४ तास, मजुरी रु. २४० – स्वतःची.’ ‘स्वतःची’ हा शब्द आधी लिहून खोडलेला आहे आणि मग शेजारीच पुन्हा, थोडा मोठा, लिहिलेला आहे. त्याखाली एक ओळ सोडून दुसऱ्या दिवशीचे दूध.